लाईट गेली, ब्लोअर बंद, आणि अल्गी दोन तासात तळाला: एका हॅचरीतलं प्रकरण

पहिल्याच जोरदार पावसात आमच्या कोळंबी हॅचरीची, म्हणजे कोळंबीची पिल्लं तयार करतो त्या जागेची, लाईट गेली आणि नेमका त्याच रात्री जनरेटरनेही राम म्हटला. ब्लोअर म्हणजे टाकीत हवा फुंकून पाणी ढवळत ठेवणारं यंत्र, ते बंद म्हणजे पहिली धावपळ ऑक्सिजनची, तर बॅटरीवरचे छोटे पंप होते ते टाक्यांमध्ये सोडले, बुडबुडे अगदीच नावाला, चहाचं पाणी उकळायच्या आधी पातेल्याच्या तळातून येतात ना तेवढेच, पण पिल्लं जगली. दोन तासांनी लाईट आली. मी टॉर्च घेऊन झोइयाच्या टाकीत वाकून बघतो तर तळाचा पांढरा रंग दिसेना, दूध खाली लागल्यावर पातेल्याला धरतं तसा तपकिरी थर सगळीकडे, आणि वरचं पाणी संध्याकाळपेक्षा चांगलंच फिकं.

दादा, म्हणजे आमचे मालक, मागे उभे. म्हणाले, "सगळं फीड खाली बसलं की रे, दोन तासात?"

फीड म्हणजे पिल्लांना घातलेली अल्गी, पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, आणि आमची अल्गी डायटम जातीची. आणि मी एम.एस्सी. झालेला माणूस, मी छातीठोकपणे म्हटलं, "दादा, दोन तासात एवढं बसूच शकत नाही, डायटम इतक्या जोरात बुडत नाहीत."

दादांनी तळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेले. पुढचे तीन आठवडे मी जे केलं त्याची ही हकिकत.

आधी झोइयाचं सांगतो नाहीतर एवढा आटापिटा कशाला ते कळणार नाही. कोळंबीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा नॉप्लियस, तेव्हा ते अंगातल्या बलकावर जगतं, तोंडाने काही खात नाही. मग झोइया होतं आणि पहिल्यांदा जेवायला लागतं, पण शिकार वगैरे नाही, अंगाजवळच्या पाण्यात जे तरंगतंय ते गाळून घ्यायचं एवढंच त्याला जमतं. म्हणजे अल्गी पाण्यात लटकलेली असेल तरच जेवण, तळाला गेली की ताटातून गेली, आणि वर तिथे ती कुजणार, अमोनिया वाढणार, व्हिब्रिओ नावाच्या रोगजंतूला आयतं घर मिळणार. झोइया जेवला की नाही हे बघायची हॅचरीवाल्यांची जुनी पद्धत आहे, बीकरमध्ये पाणी घेऊन उजेडात धरायचं, पोट भरलेल्या झोइयाच्या मागे विष्ठेचा लांब दोरा लोंबकळत असतो. त्या दिवशी पहाटे दोरे आखूड होते, बऱ्याच पिल्लांना नव्हतेच.

फीड होतं थॅलॅसिओसिरा, आमच्याकडे सगळे थॅलॅसिओ म्हणतात. डायटम आहे, काचेच्या म्हणजे सिलिकाच्या डबीत राहणारी एक पेशी, आमच्या कल्चरमध्ये, म्हणजे आम्ही वाढवलेल्या अल्गीच्या पाण्यात, साधारण १४ मायक्रॉनची. आता मी एवढ्या खात्रीने "बसूच शकत नाही" का म्हटलं, तर डोक्यात स्टोक्सचं गणित होतं. जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये हे मांडलं, चिकट द्रवातून छोटा गोळा पडताना त्याचा वेग त्रिज्येच्या वर्गावर, गोळा आणि पाणी यांच्या घनतेतल्या फरकावर आणि पाण्याच्या चिकटपणावर ठरतो. व्यास दुप्पट तर वेग चौपट. सिलिका पाण्याच्या दुप्पट जड असली तरी डबी पातळ असते आणि आतला ऐवज जवळपास पाणीच, त्यामुळे अख्खी पेशी समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचितच जड. मी घनमीटरमागे ५० किलोचा फरक धरला, पाणी ३० अंशाचं, १४ मायक्रॉनचा गोळा, तर उत्तर येतं दिवसाला साधारण अर्धा मीटर. दिवसाला! म्हणजे तासाला दोन सेंटिमीटर. आमच्या टाकीत पाणी १.१ मीटर. दोन तासात वरचं चार सेंटिमीटर पाणी रिकामं व्हायला पाहिजे आणि चार टक्के फीड तळाला, बास. चार टक्क्यांनी तळ तपकिरी होत नाही.

मग आता मोजायचंच म्हटलं.

बुडण्याचा वेग मोजायला लोकांनी खूप काय काय केलंय, मायक्रोस्कोप आडवा करून एकेक पेशी पडताना बघितलीय, फ्लुरोमीटर लावलेत, पण माझ्यासारख्याला परवडणारी पद्धत म्हणजे सेटकॉल. पॉल बिएनफँग नावाच्या माणसाने १९८१ मध्ये छापली, ते हवाईच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटमधले, आणि गंमत म्हणजे हीच संस्था पुढे व्हनामी जातीच्या कोळंबीच्या रोगमुक्त ब्रूडस्टॉकसाठी, म्हणजे पैदाशीच्या नर-मादींसाठी, कोळंबीवाल्यांत नावाजली. पद्धत इतकी सोपी आहे की पहिल्यांदा वाचल्यावर वाटतं काहीतरी राहिलंय. एक उभी नळी घ्या, अल्गी एकसारखी ढवळून काठोकाठ भरा, शांत ठेवा, ठरलेल्या वेळाने वरचं, मधलं आणि तळाचं पाणी वेगवेगळं काढा. तळाच्या भागात सुरुवातीला होती त्यापेक्षा जी जास्तीची अल्गी सापडली तिला नळीतल्या एकूण अल्गीने भागा आणि नळीच्या उंचीला वेळेने भागून त्याने गुणा. झाला वेग. मागचा विचार पण साधा, सगळ्या पेशी एकाच वेगाने खाली येत असतील तर जेवढी उंची त्या वेळात उतरल्या तेवढ्या उंचीतला माल तळाला जमा होणार.

अ‍ॅक्रिलिकचा पाइप आणला, आतून साडेचार सेंटिमीटर, उंची ४५, खाली चकती चिकटवली, अशा चार नळ्या. एकीत साधारण ७१६ मिली बसतं. मूळ पद्धतीत पाणी काढायला तोट्या असतात, मला तोट्या बसवताना दोनदा गळती लागली म्हणून नाद सोडला आणि सायफन केला, हॅचरीत दिवसातून पन्नास वेळा सायफनच करतो आम्ही. एअरलाईनच्या नळीचं टोक गरम करून वर वळवलं, छत्रीच्या मुठीसारखं, म्हणजे ते वरचं पाणी ओढतं आणि खालचं डिवचत नाही. तळाच्या ६० मिलीवर मार्करने खूण, तिथे थांबायचं.

मोजणी आम्ही रोज करतो तीच, हिमोसायटोमीटर, काचेच्या पट्टीवर चौकोन आखलेले असतात त्यावर थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायच्या.

पहिले चार दिवस वाया गेले, आणि ते का गेले ते मुद्दाम सांगतो कारण हा प्रयोग करणारा जवळपास प्रत्येक जण इथे आपटतो. ताजं तीन दिवसांचं कल्चर, खिडकीजवळच्या टेबलावर नळ्या. सकाळी सातला लावलेल्या नळीने दिवसाला ०.५ मीटर दाखवलं, मी खूश. अकराला लावलेलीने ०.१. संध्याकाळी ०.४. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एका नळीत तर तळाला सुरुवातीपेक्षा कमी पेशी, म्हणजे गणिताप्रमाणे अल्गी वर चालली होती! डायनोफ्लॅजेलेट असते तर म्हटलं असतं उजेडाकडे पोहत गेले, पण थॅलॅसिओला कुठे शेपूट आहे पोहायला.

दोन दिवस मी मोजणीच चुकीची समजून अल्गी सेक्शनच्या पोराला पुन्हा पुन्हा मोजायला लावलं, बिचारा. मग एका नळीत नुसतं गाळलेलं खारं पाणी भरलं आणि वरून परमँगनेटचा एक बारीक खडा सोडला. सकाळी सोडला तेव्हा जांभळी रेघ सरळ, ओळंब्यासारखी, तळापर्यंत, आणि पाच मिनिटांनीही जवळपास तिथेच. दुपारी साडेअकराला सोडला तर रेघ मध्यावर वाकली, खिडकीच्या बाजूला सरकली आणि त्या भिंतीला धरून वर चढायला लागली, मी घड्याळ लावलं, दहा सेकंदात तीन-चार मिलिमीटर. आता हिशोब करा, आपली पेशी मिनिटाला ०.४ मिलिमीटर उतरतेय आणि पाणी मिनिटाला वीस मिलिमीटर वर चढतंय, पन्नास पट. उन्हाच्या बाजूची भिंत जराशी कोमट झाली, तिथलं पाणी हलकं होऊन वर गेलं, दुसऱ्या बाजूने थंड खाली आलं, आणि नळीत एक गोल चक्र सुरू. हाताला तापमानातला फरक कळतही नव्हता.

इथे एक बारकावा आहे. नुसतं हलकं ढवळलं गेल्याने बसणं पूर्ण थांबत नाही, तळाला अगदी टेकलेल्या पाण्यातून पेशी पडतच राहतात. घोळ होतो तो असा की तळाच्या चार सेंटिमीटरमध्ये आलेल्या पण अजून न टेकलेल्या पेशी पुन्हा वर नेल्या जातात, आणि चक्र जरा जोरात असेल तर टेकलेल्यासुद्धा उचलल्या जातात. शिवाय एसीच्या खोलीतून आणलेलं पाणी उन्हात ठेवलं की नळीच्या भिंतीला बारीक बुडबुडे धरतात आणि सुटून वर जाताना काही पेशी सोबत नेतात, ते पण मला दिसले.

उपाय एकदम देशी केला. निळा दोनशे लिटरचा ड्रम मागच्या खोलीत, जिथे खिडकी नाही आणि पंखा बंद, पाण्याने भरला, आणि त्यात नळ्या गळ्यापर्यंत उभ्या केल्या. कल्चर आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत, म्हणजे नळीत भरताना आतबाहेर एकच तापमान. एवढ्या पाण्याला तापायला-निवायला वेळ लागतो, त्यामुळे नळ्यांना दिवसाची चाहूलच लागत नाही. परमँगनेट दुपारी पण सरळ उतरलं. मग खरे आकडे यायला लागले.

ताजं कल्चर, तीन तास. सुरुवातीला मिलीमागे १ लाख २० हजार पेशी, तीन तासांनी तळाच्या ६० मिलीत मिलीमागे साडेतीन लाख. जास्तीच्या २ लाख ३० हजार गुणिले ६०, भागिले नळीतल्या एकूण पेशी, तर १६ टक्के माल खाली आला. ४५ सेंटिमीटर तीन तासात म्हणजे दिवसाला ३.६ मीटर, त्याचे १६ टक्के, ०.५८ मीटर. दुसऱ्या नळीत ०.५५, तिसरीत ०.६१. स्टोक्सच्या अर्ध्या मीटरच्या अगदी शेजारी. वरचं, मधलं, तळाचं मिळून सुरुवातीच्या पेशींशी ताळा पण जमला, भिंतींना फारसं काही चिकटलं नव्हतं.

मी वही घेऊन दादांकडे. "बघा, दिवसाला ०.५८. दोन तासात पाच सेंटिमीटर."

दादा म्हणाले, "मग त्या रात्री तळाला काय मी नेऊन ठेवलं?"

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो मी स्वतःला पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, "त्या रात्री टाकीत घातलेली अल्गी हीच होती का?"

नव्हती. पावसाने आभाळ भरून आलं होतं, उजेड कमी, ताजं कल्चर नीट चढलंच नव्हतं म्हणून त्या संध्याकाळी सात दिवसांचं जुनं कल्चर घातलं होतं. अल्गीच्या वहीत पोराने तसं लिहिलेलं पण होतं, मीच वाचलं नव्हतं.

ठीक आहे, सात दिवसांचं कल्चर तयार केलं, नळ्यांत भरलं, तीन तास, मोजलं. ०.६. म्हणजे परत तेच! आता मात्र मी चक्रावलो, कारण नळीच्या तळाला डोळ्याने दिसत होता तपकिरी थर, ताज्या कल्चरच्या नळीत असा नव्हता, आणि आकडा म्हणत होता फरक नाही.

उत्तर मिळालं ते मोजणाऱ्या पोराच्या एका सहज वाक्यातून. म्हणाला, "सर, गुठळ्या सोडून मोजतोय ना, नेहमीसारखं." नेहमीसारखं! हिमोसायटोमीटरमध्ये थेंबाची जाडी ०.१ मिलिमीटर असते, गुठळी त्यात नीट शिरतच नाही, शिरली तर तिच्यात पेशी इतक्या एकमेकांवर चढलेल्या की मोजता येत नाहीत, आणि बऱ्याचशा तर पिपेटच्या टोकालाच अडकतात. फीड द्यायचा हिशोब करताना सुट्या पेशी मोजणं ठीकच आहे, झोइया गुठळी खात नाही. मीच त्याला कधीतरी तसं शिकवलं होतं. म्हणजे आमचं मोजमाप फक्त सुट्या पेशी बघत होतं, सुरुवातीला पण आणि शेवटी पण, त्यामुळे ताळा जमत होता आणि शंका येत नव्हती. गुठळ्या आमच्या वहीत कधी आल्याच नाहीत.

तेव्हा मोजायची वस्तूच बदलली. एका कॉलेजच्या लॅबमध्ये ओळखीने स्पेक्ट्रो, म्हणजे द्रावण किती उजेड शोषतं ते मोजणारं यंत्र, मिळाला, फिल्टर पेपरवर पाणी गाळायचं, पेपर ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर फ्रीजमध्ये अंधारात, सकाळी हिरव्या-पिवळ्या द्रावणाचं रीडिंग ६६४ नॅनोमीटरला. गुठळी असो की सुटी पेशी, क्लोरोफिल सगळ्यांचं विरघळतं. आणि आपल्याला फक्त प्रमाण हवंय, तळाचं भागिले एकूण, त्यामुळे एका पेशीत क्लोरोफिल नक्की किती या भानगडीत पडायला लागत नाही, वर आणि खाली तेच गणित असल्याने ते उडून जातं. जुन्या पेशींत क्लोरोफिल कमी झालेलं असतं आणि गुठळीतल्या मेल्याबिल्या असतील तर अजून कमी, म्हणजे झालीच तर गुठळ्यांची मोजणी थोडी कमी होईल, जास्त नाही.

या वेळी मी अजून एक गोष्ट केली, जी खरं तर या सगळ्या प्रकरणाची किल्ली. तीन नळ्या एकाच वेळी भरल्या आणि वेगवेगळ्या वेळी उघडल्या, पहिली अर्ध्या तासाने, दुसरी तीन तासांनी, तिसरी सहा तासांनी.

अर्ध्या तासात तळाला २० टक्के. तीन तासात ३२. सहा तासात ४५.

सूत्रात टाका. अर्ध्या तासाच्या नळीवरून वेग दिवसाला ४.३ मीटर, तीन तासांवरून १.१५, सहा तासांवरून ०.८. एकच कल्चर, एकच दिवस, एकच ड्रम आणि तीन वेग! आधी वाटलं परत काहीतरी बिघडलं, परमँगनेट सोडून बघितलं, रेघ सरळ. मग रात्री जेवताना डोक्यात आलं की सूत्र खोटं बोलत नाहीये, सूत्राचं गृहीतकच इथे लागू नाही. सगळ्या पेशी एकाच वेगाने उतरत असतील तर अर्ध्या तासात जेवढं बसेल त्याच्या सहापट तीन तासात बसायला पाहिजे. इथे अर्ध्या तासात २० आणि पुढच्या अडीच तासात फक्त १२. म्हणजे नळीत दोन जाती आहेत, एक धावणारी, अर्ध्या तासाच्या आत सगळी तळाला पोचून मोकळी, आणि एक आपली रमतगमत येणारी.

रमतगमतवाली वेगळी काढता येते. तीन ते सहा तासांच्या मध्ये धावणारी जात संपलेली आहे, तेव्हा त्या तीन तासात आलेले १३ टक्के फक्त हळूवाल्यांचे. १३ टक्के गुणिले ३.६, ०.४७ मीटर, पण हे एकूण मालाच्या हिशोबाने, हळूवाले एकूण मालाच्या ८० टक्केच आहेत, म्हणून ०.४७ ला ०.८ ने भागा. ०.५८! हा आकडा कागदावर आला तेव्हा मी ताट बाजूला सरकवलं, हात तसाच उष्टा. जुन्या कल्चरमधली सुटी पेशी ताज्या कल्चरमधल्या पेशीच्याच वेगाने बुडत होती, आमच्या या कल्चरपुरतं तरी. म्हातारं कल्चर जास्त जोरात बुडतं असं सगळीकडे वाचायला मिळतं आणि सुट्या पेशींबाबतही ते बऱ्याचदा खरं असतं, पण इथे वाढलेला वेग जवळपास सगळा गुठळ्यांचा होता. उलट मागे जाऊन बघितलं तर धावणारे साधारण २० टक्के, एक पंचमांश. त्यांचा नेमका वेग या नळीतून कळत नाही, कमीत कमी किती तेवढं कळतं, ४५ सेंटिमीटर अर्ध्या तासाच्या आत म्हणजे दिवसाला २१ मीटरच्या वर.

मग त्या रात्रीचा हिशोब. १.१ मीटरची टाकी, गुठळी जास्तीत जास्त सव्वा तासात तळाला, म्हणजे दोन तासात सगळ्या गुठळ्या खाली, २० टक्के. उरलेल्यातले चार टक्के. जवळजवळ पाव हिस्सा फीड तळावर. टाकी नळीइतकी शांत कधीच नसते हे मान्य, पण तळ तपकिरी व्हायला एवढं पुरतं, आणि दादा बरोबर होते.

गुठळी होते कशी हे मायक्रोस्कोपखाली बघण्यासारखं आहे. अल्शियन ब्लू नावाच्या निळ्या रंगाचा थेंब टाकला तर दोन मिनिटांत पेशींच्या मधली न दिसणारी जागा निळी होते, आणि कळतं की ती जागा रिकामी नव्हतीच, चिकट जेली होती, राजगिऱ्याच्या लाडवात गूळ धरून ठेवतो तशा पेशी त्यात धरलेल्या. कल्चरमधलं नायट्रेट किंवा सिलिकेट संपत आलं की वाढ थांबते पण उजेड चालूच असल्याने पेशी साखर बनवत राहतात, वापरायला जागा नाही म्हणून बाहेर टाकतात, ती ही साखळीदार चिकट साखर. मग पेशी एकमेकींवर आपटल्या की चिकटतात. गुठळी आतून बहुतेक पाणीच असते, त्यामुळे तिची घनता एकट्या पेशीपेक्षाही कमी, पण आकार इतका वाढतो की त्रिज्येचा वर्ग सगळ्यावर मात करतो.

थोडं विषयांतर, पण हे समुद्रातलंही मोठं प्रकरण आहे. ०.५८ च्या वेगाने थॅलॅसिओची एक पेशी चार हजार मीटर खोल तळाला जायला एकोणीस वर्षं घेईल, वाटेत कोणीतरी खाऊन टाकेल किंवा कुजून जाईल. तरी अटलांटिकच्या खोल तळावर वसंतातल्या बहरानंतर काही आठवड्यांत हिरवट गाळ येऊन पडतो हे १९८० च्या दशकात कॅमेऱ्यांनी दाखवलं. एकेकट्या येत नाहीत त्या, गुठळ्यांनी येतात किंवा कोणाच्या तरी विष्ठेतून येतात. दक्षिण महासागरात २००४ मध्ये आयफेक्स प्रयोगात लोखंड टाकून डायटमचा बहर आणला, त्याचा निदान अर्धा भाग हजार मीटरच्या खाली गेला, गुठळ्या करून. मग २००९ मध्ये आपल्या गोव्याच्या एनआयओने, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूटबरोबर तिकडेच लोहाफेक्स केला, नावातलं लोहा ते आपलंच लोखंड, पण त्या पाण्यात सिलिकेट फार कमी होतं, डायटम वाढलेच नाहीत, दुसरी बारकी अल्गी आली, कोपेपॉड नावाच्या बारक्या प्राण्यांनी चरून खाल्ली, आणि खाली लावलेल्या सापळ्यांमध्ये नेहमीपेक्षा फारसं जास्त काही पडलं नाही. काचेची डबी नाही तर बुडणं नाही. समुद्रवाल्यांना गुठळ्या हव्या असतात, कार्बन खाली जातो म्हणून, आणि आम्हाला नको असतात, पोरं उपाशी राहतात म्हणून.

आमच्याकडे नंतर काय बदललं ते थोडक्यात. कल्चर चौथ्या दिवसाच्या पुढे फीडला घालायचं नाही, ढग असले तरी नाही, त्यापेक्षा कमी घाला. टाकीत ओतताना ५० मायक्रॉनच्या जाळीतून. जाळीवर पहिल्या दिवशी जे अडकलं ते बघून दादा म्हणाले एवढ्याची भजी होतील. लाईट गेली की ऑक्सिजनचे पंप लावून झाल्यावर एका माणसाने दर वीस मिनिटांनी वल्ह्याने टाकी हळू ढवळायची, हे मात्र कागदावर आहे, रात्री दोन वाजता कोण किती ढवळतो ते मला माहीत आहे. जनरेटरची बॅटरी बदलली, ज्यासाठी यातला कुठलाच प्रयोग लागत नव्हता. पुढच्या वेळी लाईट गेली ती दीड तास, तळाला थर होताच, पण पातळ, खालचा पांढरा रंग दिसत होता, आणि दोरे लांब होते. एका वेळेवरून मी काही छातीठोक बोलणार नाही, एकदा बोलून झालंय.

नळ्या आणि ड्रम आता मागच्या खोलीत पडून आहेत, ड्रममध्ये कोणीतरी ब्लीच ठेवलंय. रोजच्या कामाला स्पेक्ट्रो कुठून आणणार, आणि खरं तर ०.५८ की ०.६२ याच्याशी हॅचरीला घेणंदेणं नाही, गुठळ्या किती एवढंच हवं असतं, आणि त्या तर अर्ध्या तासातच खाली येतात. म्हणून आता सकाळी फीड घालायच्या आधी पोरगा एक लिटरच्या काचेच्या मेजरिंग सिलेंडरमध्ये कल्चर भरतो, खिडकीपासून लांब, हे त्याला पाठ झालंय, मोबाईलवर अर्ध्या तासाचा अलार्म लावतो, चहा पिऊन येतो, आणि बाजूने टॉर्च मारून तळाला कडं दिसतंय का बघतो. दिसलं की ते कल्चर गटारात. परवा त्याने मला हाक मारून दाखवलं, कडं नव्हतं पण मध्ये एकच गुठळी खाली येत होती, टॉर्चच्या उजेडात सावकाश, कापसाच्या बोंडातल्या तंतूसारखी शेपूट मागे सोडत, आणि आजूबाजूच्या सगळ्या सुट्या पेशी जागच्या जागी थांबल्यासारख्या.

"सर, हिचा स्पीड काढू?" म्हणाला. मी त्याला घड्याळ दिलं.